रेघवालीचा दादा

आमच्या विभागात तिला सगळे ‘रेघवाली’ म्हणत, अर्थात पाठीमागे. मधुमेहानं सडलेले पाय घेऊन माणसं यायची. ती कातडीवर बारीक दिवा टेकवायची. आत शिरून परतलेल्या उजेडावरून मांसात प्राणवायू किती उरलाय, तो आकडा पडद्यावर उमटायचा. मग उष्णतेचा कॅमेरा. ऊब तिथे लाल, गार तिथे निळं. दोन्ही मापं जिथे ढासळत, तिथे ती पेनानं रेघ मारायची आणि सर्जन तिथेच कापायचे.

जीभ म्हणजे नुसती कात्री. “रडून आकडा वाढत नाही, काका,” असं तोंडावर सांगायची. मी ड्रेसिंगवाली, त्या काकांची समजूत मला काढावी लागे. मला तिचा मनापासून राग यायचा. घरी जेवताना ती रोग्यांच्या नकला करते, हे मला तिच्या दादाकडूनच कळलं.

दादा शिंपी. आईवडील गेल्यावर पायमशीन हाकून त्यानंच हिला वाढवलं, शिकवलं. मधुमेहानं त्याच्याही पायाची करंगळी काळी पडली, तेव्हा सर्जननी धीर दिला, “एका बोटावर भागेल बहुतेक. मापं बघू.” पण पाय म्हणजे त्याचं पोट. तो धास्तावला. बहिणीच्या नकलांतून एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं, की पाय गार निघाला की रेघ वर चढते.

मापाच्या दिवशी स्वारी खुशीत आली. कॅमेऱ्यात पाय लालभडक! रेघवालीचा चेहरा कधी नव्हे तो उजळला. मग तिनं दिवा टेकवला. आकडा तळाला. तिनं पाय उचलून तळवा पाहिला, तर टम्म फोड आलेले, साल सुटलेली.

“दादा, काय केलंस हे?”

“गरम पाण्याची पिशवी. सकाळपासून पाय तिच्यावरच ठेवला होता. पाणी कढत होतं, पण मला कुठे काय कळतंय पायाला! चांगला तापलाय ना?”

ती इतकी ओरडली की बाहेरची रांग चिडीचूप झाली. भर विभागात त्याला गाढव म्हणाली.

“तूच म्हणायचीस ना, पाय गार निघाला की रेघ वर चढते,” तो कसनुसं हसत म्हणाला.

रक्तच पोचत नव्हतं, तिथे भाजलेलं काय भरून येणार! काळेपणा घोट्याच्या वर गेला. पुन्हा मापं घ्यायची वेळ आली. मी म्हटलं, आज दुसऱ्या कुणाला घेऊ दे. तिनं मला झटकून टाकलं. दिवा टेकवत टेकवत ती वर सरकत गेली, आणि आकडा सावरला तो थेट गुडघ्याच्या जरा खाली. तिनं तिथे पेन टेकवलं. ठिपका पडला, पण रेघ पुढे सरकेना.

दादानं तिचं मनगट धरलं.

“नीट मार. खडू पहिल्यांदा हातात दिला तेव्हा काय सांगितलं होतं तुला? रेघ वाकडी गेली तर कापड वाया जातं.”

तिनं सरळ रेघ मारली. दादानं वाकून ती पाहिली आणि मान डोलावली.