डाव्या कानातला ढोल

हेडफोन बिघडला, असंच आधी वाटलं. डावीकडून काहीच येत नव्हतं. वायर हलवून पाहिली, पिन काढून परत लावली. मग हेडफोन उलटा घातला. ढोल नेहमीसारखा वाजला, पण पुन्हा उजव्याच कानात. म्हणजे हेडफोन धडधाकट होता.  

आदल्या दिवशी मी धुळ्याला होते. तिथले एक सरदारजी ट्रकच्या टायरांचा धंदा करतात आणि ढोल असा वाजवतात, की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलू लागते. मी त्यांना चाचाजी म्हणते. दुपारभर त्यांच्या गोदामात रेकॉर्डिंग केलं होतं. त्या ढोलाला मी जमैकाच्या डान्सहॉल संगीताचा ठेका जोडते, खाली तिथल्याच डब संगीताचा जाड, संथ, घुमणारा बेस भरते, आणि पंजाबी तुंबीची एकुलती तार त्यात विरत जाते. जळगावात कापडाच्या दुकानावर राहणारी मारवाड्याची मुलगी हे का करते, ते विचारणं पप्पांनी कधीच सोडून दिलं होतं.

खाली दुकानात जाऊन मी त्यांना सांगितलं, "डाव्या कानानं ऐकू येत नाहीये." गिऱ्हाईक समोर होतं. हातातला तागा तसाच ठेवून त्यांनी चपला घातल्या.

कानाच्या डॉक्टरांनी धातूचा काटा वाजवून माझ्या कपाळावर मधोमध टेकवला. "कुठे ऐकू येतंय?"

"उजवीकडे."

काटा खाली ठेवून ते म्हणाले, "आतली नस गेलीय. असं अचानक होतं, कारण बहुतेकदा सापडत नाही. लगेच आलात ते बरं झालं. कदाचित परत येईल, थोडंसं येईल, किंवा नाही येणार."

"माझं कामच कानाचं आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच खोटं सांगत नाही."

बाहेर रस्ता ओलांडताना हॉर्न उजवीकडून आला म्हणून मी डावीकडे सरकले, तर रिक्षा डावीकडूनच येऊन पायाशी थांबली. "बहिरी शे का वं माय?" रिक्षावाला वैतागून म्हणाला. दिवसातून कितीजणांना म्हणत असेल.

पप्पांनी माझा दंड धरला. "हो," ते शांतपणे म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नाही, पण त्या 'हो'नं मला ते खरं वाटलं.

गोळ्या सुरू झाल्या, पुढे कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं. मध्येच चाचाजी एसटीनं आले. दारातच उभे राहिले. ढोल आणला नव्हता.

"बेटी, माझ्या ढोलानं केलं का हे?"

नाही म्हणून मी किती सांगितलं. त्यांना पटेना. "मी वाजवणं बंद केलंय," ते म्हणाले. "लग्नाला बोलावलं होतं, तिथंही गेलो नाही." शेवटी मी त्यांना डॉक्टरांकडेच नेलं. ढोलाचा यात काही संबंध नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर ते बाहेरच्या बाकावर बसले आणि रुमालानं तोंड झाकून रडले. एवढा धिप्पाड माणूस. मी शेजारी बसले.

पुढच्या खेपेला ते ढोल घेऊन आले. मी उजव्या कानात बोट घट्ट घातलं आणि म्हटलं, "हळू वाजवा." आधी काहीच नाही. मग पाण्याखालून यावी तशी जाड काठीची धम्म, धम्म आली. बारीक काठी दुसऱ्या बाजूला भराभर नाचताना दिसत होती, पण तिचा आवाजच नव्हता. अर्धाच ढोल वाजत होता.

"थांबू?" त्यांनी हातानंच विचारलं.

मी मान हलवून नको म्हटलं.

तेवढंच परत आलं. खालचे जाड सूर मिळाले, वरचे बारीक गेले ते गेलेच. अजूनही सकाळी डोळे उघडायच्या आधी मी डाव्या कानाशी बोटं चोळून बघते. काही येत नाही, आणि रोज तितकाच धक्का बसतो.

धुळ्याच्या त्या ढोलाचं गाणं मात्र पुरं केलं. दुकान बंद झालं की पप्पा माझ्या डाव्या बाजूला खुर्ची घेऊन ऐकायला बसायचे. तुंबी म्हणजे काय इथपासून सुरुवात होती. हळूहळू म्हणायला लागले, "इकडे टोचतंय, कमी कर." मी कमी करायचे. कधी म्हणायचे, "तो खालचा घुमणारा आवाज जरा जास्त होतोय."

तेवढं मात्र मी त्यांचं ऐकलं नाही. तो मला डाव्या कानानंही ऐकू येत होता.