बॅटरीचं कुंकू

आमच्या घरात बाबांचा हुकूम एकाच गोष्टीवर चालतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर. बाकी सगळीकडे आईचं राज्य. दर महिन्याच्या एक तारखेला बाबा आंघोळ करून, जुना चष्मा लावून बॅटरीपुढे पाट टाकून बसतात. सहा बुचं उघडतात आणि औषधाच्या झाकणानं मोजून डिस्टिल्ड वॉटर घालतात. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काड्या कधीच्याच अडकून बसल्यात, म्हणून मापानं. त्या वेळी घरात कोणी शिंकलेलं खपत नाही.

तर ही बॅटरी मागच्या वर्षी एकाएकी थकली. लाइट गेली की तासाभरात पंखा घरघरायचा आणि बंद. नागपूरचा ऑक्टोबर, अंगाची नुसती चिकचिक! पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, "बाबांच्यानं आता होत नाही. पाणी घालायचं विसरत असतील. दसऱ्याला येतो. तीन तास चालली तर ठीक, नाहीतर पाणी न लागणारी नवी आणू." फोन स्पीकरवर होता. बाबांनी सगळं ऐकलं आणि गुपचूप पेपर उघडला. त्यांची स्कूटर आम्ही आधीच बंद केली होती. आता हेही काढून घेतलं तर त्यांनी एक तारखेला करायचं काय? भावाचा असा राग आला मला! पण खरं सांगू, शंका मलाही तीच होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं बॅटरी लख्ख पुसली. परीक्षेला बसवायच्या पोरीसारखी नटवली म्हणा ना. सकाळी यंत्रांची पूजा झाली. मिक्सर, शिलाई मशीन, भावाचा लॅपटॉप आणि शेवटी बॅटरी. आईनं तिच्या दोन्ही टोकांशी कुंकवाची बोटं उमटवली. कुंकू कुही गावच्या मावशीनं घरी केलेलं, हळदीचं. आमच्याकडे दुसरं चालत नाही.

जेवणं झाली. भावानं मेन स्विच बंद केला, घड्याळ लावलं. आई झेंडूची फुलं सारखी करायला बॅटरीपाशी वाकली आणि किंचाळलीच.

"अगं माय वं! कुंकू पिवळं पडलं!"

खरंच, एका टोकाचं कुंकू पार पिवळं. आईचा हात आधी स्वतःच्या कपाळाकडे गेला, मग तिनं बाबांकडे पाहिलं. "बसा तुम्ही. आधी बसा. छातीत दुखून नाही ना राहिलं?"

बाबांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मले काय धाड भरली? ॲसिड आहे वं हे! ॲसिडनं हळदीचं कुंकू पिवळं होते. पाणी जास्त होऊन बुचातून वर येऊन राहिलं. ॲसिड पातळ झालं, म्हणूनच थकली ही." मग त्यांनी मान वर केली. "मी तर झाकणानं मोजून टाकतो. जास्तीचं कोनं टाकलं?"

वरचा पंखा तेवढा फिरत होता.

"मी," मी म्हटलं. "दर पंधरा तारखेला. तुम्ही झोपले की."

"मीबी टाकते," आई पदराशी चाळा करत म्हणाली. "संकष्टीला. उपास असला की ध्यानात राहते."

भाऊ घड्याळाकडे बघत पुटपुटला, "गणपतीत आलो होतो ना, तेव्हा मीपण अर्धी बाटली..."

बाबा हसायला लागले. हसता हसता पाटावरच बसले. मग आई, मग मी. भावाला तर ठसकाच लागला. आपल्याच बॅटरीला चौघांनी मिळून बुडवलं होतं! हसू जरा ओसरलं तसं बाबांनी चष्मा पुसला.

"म्हणजे तुम्हा सगळ्यायले वाटलं, मी विसरतो?"

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावानंच उठून मेन स्विच चालू केला, घड्याळ बंद केलं आणि म्हणाला, "चुकलं बाबा. सांगा, काय करायचं?"

बाबांनी सांगितलं आणि आम्ही केलं. भावानं इन्व्हर्टर बंद केला, हातमोजे घालून, रबरी फुगा दाबून ओढायच्या नळीनं जास्तीचं पाणी काढलं. मी सोड्याचं पाणी आणलं. ॲसिड मारायला बाबांनी त्यात फडकं बुडवून कुंकवाच्या पिवळ्या बोटावर दाबलं, तर कुंकू डोळ्यांदेखत पुन्हा लाल! आई लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

नवी बॅटरी आली नाही. ही आता दोन तास चालते, आम्हाला पुरे आहे. दुसऱ्या दिवशी भाऊ पुण्याला निघाला तेव्हा बाबांनी बॅटरीवर पुठ्ठा टांगला होता. ठळक, न थरथरलेल्या अक्षरात लिहिलं होतं: "पाणी भरलं आहे. आणखी माया करू नये."