लोखंडी पत्र्यावरची वाळू

गोदामात त्याला सगळे वाळूशेठ म्हणत, पण प्रेमाने कोणीच म्हणत नसे. माणूसच तसा, राग नाकाच्या शेंड्यावर आणि जिभेला धार. ट्रकमधली अवजड मशिनं तिरक्या फळीवरून खाली उतरवणं हे त्याचं काम, आणि त्यातलं आपल्याइतकं कोणालाच कळत नाही हा तोरा. मशीन सोडण्याआधी तो फळीवर कोरडी वाळू भुरभुरायचा. कोणी विचारलंच तर खेकसायचा, "उतारावर वजन दोन कामं करतं. थोडं फळीला दाबतं, थोडं खाली ओढतं. दाबतं म्हणून घासतं, घासतं म्हणून थांबतं. फळी जास्त तिरकी केलीस की दाब कमी, ओढ जास्त. कळलं? नाही कळलं तर बाजूला हो!"

एवढं कळूनही त्याचा उजवा पाय लंगडा होता. एकदा मशीन उतरताना तो खाली उभा होता आणि वर दोर त्याच्या साडूच्या हातात. मशीन घसरलं आणि घोट्याचा चुरा झाला. साडू सालटं निघालेले तळहात दाखवत कळवळून सांगत होता, "मी दोर सोडला नाही रे!" वाळूशेठचं एकच पालुपद, "सोडलास. मुद्दाम सोडलास."

झालं, दोन्ही घरांचं बोलणं बंद. बायका सख्ख्या बहिणी, एकाच गल्लीच्या दोन टोकांना राहणाऱ्या. पण वाळूशेठने बायकोला बजावलं, "त्या घराची पायरी चढलीस तर या घरात परत यायचं नाही." पुढे धाकटीचं, म्हणजे साडूच्या बायकोचं, तान्हं बाळ गेलं. बायको तशीच धावत निघाली, तर या पठ्ठ्याने तिला दंडाला धरून दारातून मागे ओढलं.

गोदामाचा मालक मात्र दोघांनाच एकत्र जुंपायचा, कारण त्यांच्यासारखं काम दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं. दोघेही कामापुरतं बोलत. सोड, धर, थांब. त्यापुढे एक अक्षर नाही.

त्या सकाळी छपाईचं मशीन उतरवायचं होतं. नेहमीची लाकडी फळी तडकलेली निघाली, म्हणून मालकाने जाड लोखंडी पत्रा आणवला. अपघात झाला तो याच पत्र्यावर. तेव्हापासून अपशकुनी म्हणून तो कोणी वापरला नव्हता. पाय अधू असल्याने आता वाळूशेठ वर दोराशी असायचा आणि साडू खाली. वाळूशेठने हातातला जॅक उघड्या पत्र्यावर ठेवला. जॅक जागचा हलला नाही. मग सवयीने त्याने वाळू भुरभुरली, जॅक उचलून वाळूवर ठेवला, आणि जॅक सरसरत खाली जाऊन साडूच्या पायाशी आदळला.

वाळूशेठ बघतच राहिला. लाकडात वाळू रुतते म्हणून पकड येते. गुळगुळीत लोखंडात ती कुठे रुतणार? दाणे वजनाखाली गोल गोल फिरत होते. अपघाताच्या दिवशीही वाळू त्यानेच टाकली होती.

ती तशीच राहू दिली तर कोणाला कळणार होतं? हा विचार त्याच्या मनात आला आणि लगेच गेलाही नाही. शेवटी त्याने झाडू उचलला.

"वाळू का काढतोस?" खालून साडूने विचारलं.

"लोखंडावर घसरतं."

साडू आधी पत्र्याकडे, मग त्याच्या लंगड्या पायाकडे बघत राहिला. "आणि त्या दिवशी कोणी टाकली होती?"

वाळूशेठने दोराचा वेढा खांबाला घातला. "धर," तो म्हणाला.

मशीन हळूहळू उतरून जमिनीला टेकलं. साडूने हात झटकले. "घरी तू सांगतोस, की मी येऊन सांगू?"

संध्याकाळी बायको भाजी चिरत होती. वाळूशेठने दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. तिने विळी बाजूला सारली.

"म्हणजे त्यांनी दोर सोडलाच नव्हता."

"नव्हता. पण मला तेव्हा काय ठाऊक?"

"वाळू कोणी टाकली ते तर ठाऊक होतं ना? माझ्या बहिणीचं बाळ गेलं होतं, आणि तुम्ही मला दारातून मागे ओढलंत."

तिने हात धुतले आणि चपला घातल्या.

"परत कधी येशील?" त्याने विचारलं.

"त्या घराची पायरी चढल्यावर परत यायचं नाही," ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं."

लंगडत तो गल्लीच्या अर्ध्यापर्यंत तिच्यामागे गेला. पुढे जायची त्याची छाती झाली नाही.