चुन्याची रेघ

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी वाण्याची उधारी भाजून, मीठ लावून खाल्ली. वर स्वतःला हुशार समजले.

ती उधारी आत्याबाईंच्या बरणीत असे. आत्याबाई म्हणजे यांच्या आत्या. परकरी वयात विधवा होऊन भावाकडे आल्या, तो गेल्यावर त्याच्या मुलाकडे, म्हणजे आमच्याकडे डोंबिवलीत राहिल्या. अक्षरओळख नव्हती, पण घरचा हिशेब त्यांचा. खालच्या वाण्याकडून चार आण्यांचं सामान खात्यावर आलं की एक चिंचोका बरणीत पडे. बरणीला बाहेरून चुन्याची रेघ ओढलेली. चिंचोके रेघेला टेकले की खरेदी बंद. मग साखर संपो की पाहुणा येवो.

मी एकदा म्हटलं, पैसे अजून पेटीतच आहेत की. त्या म्हणाल्या, “पेटीत आहेत ते वाण्याचे. आपल्याकडे नुसते झोपायला आलेत.” आता नातसून कार्डावर साड्या घेते आणि ‘अजून कुठे पैसे गेलेत, आजी’ म्हणते, तेव्हा मी आत्याबाईंच्या बरणीकडे बघते. बरणी माझ्याकडेच आहे. त्या गेल्या त्याला जमाना झाला.

दोन खोल्या, एक खिडकी, आणि त्या खिडकीत आत्याबाई. हे ठाण्याच्या कचेरीत गेले की मी दिवसभर भिंतींशी बोले. माहेर कल्याणला, अगदी जवळ. पण महिना रेघेखाली संपला तरच सुनेला माहेर, असा त्यांचा नियम. महिना काही रेघेखाली संपेना. श्रावण गेला, नवरात्र गेलं. कल्याणहून भाजीवाली आली की मी तिला आमच्या आळीची खबर विचारी. तिला आमची आळी ठाऊकही नव्हती.

शेवटी मला खर्च कमी करायचा सोपा उपाय सुचला. आत्याबाई कीर्तनाला गेल्या की मूठभर चिंचोके शेगडीवर भाजायचे आणि खाऊन टाकायचे. महिनाअखेर बरणी रेघेच्या चांगली खाली. आत्याबाई खूश. म्हणाल्या, जा उद्या माहेरी. मी पिशवी भरली.

संध्याकाळी वाण्याचा आकडा आला, तो बरणीपेक्षा कितीतरी मोठा. आत्याबाई तडक खाली उतरल्या आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, “शेटजी, माझा चिंचोका खोटं बोलत नाही. तुमची दौत बोलते का बघा.” त्याने शांतपणे एकेक जिन्नस वाचून दाखवला. एकही नाकारता येईना.

वर येऊन त्यांनी चिंचोके पदरात ओतले. मोजले. पुन्हा मोजले. मग कनवटीची पैशाच्या पेटीची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. आपली आठवण गेली, म्हणाल्या. या घरात आपलं तेवढंच काम होतं, तेही आता होत नाही.

पिशवी दारात भरलेली. तोंड उघडलं तर कल्याण गेलं, आणि न उघडावं तर ही बाई उद्यापासून खिडकीत नुसती बसणार. मी किल्ली त्यांच्या हातात परत दिली आणि सगळं सांगून टाकलं. मिठासकट.

त्या बराच वेळ माझ्या दातांकडे बघत राहिल्या. मग किल्ली कनवटीला लावत म्हणाल्या, “ऊठ, आधी शेटजीची माफी मागून येऊ. उद्या जा कल्याणला. येताना पिशवीभर चिंचोके आण, आणि त्यातले निम्मे आईकडून भाजून आण. मलाही दात आहेत अजून.”