काकींचं बोट

शेजारच्या काकी कुणाच्याही घरी गेल्या की बोलता बोलता भिंतीची भेग ओल्या मातीनं लिंपतात. मी मुरबाडच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर. मुंबईच्या एका आर्ट गॅलरीत मुद्दाम भेगा पाडलेली मातीची भिंत मांडली होती, म्हणून त्यांना घेऊन गेलो. मी फलक वाचेपर्यंत काकींनी बाटलीतल्या पाण्यानं बोट ओलं करून एक भेग बुजवलीसुद्धा.

"अशी उघडी ठेवलीस गो? मुंग्या नाय भरणार?" त्या शेजारी उभ्या बाईला म्हणाल्या.

रखवालदार ओरडत आला. पण ती बाईच ती भिंत घडवणारी कलाकार निघाली. "पुसू नका, राहू दे," म्हणत तिनं काकींच्या बोटाच्या ठशाचा फोटो काढला.

माझा नुसता जळफळाट झाला. काकींच्या ओटीवर माझं चित्र सहा वर्षं तिरकं लटकतंय. ते सरळ करायलाही त्यांनी कधी बोट लावलेलं नाही.