पांढऱ्या उंदरांचं पारणं

पुण्याहून निघालेली मीटरगेजची गाडी तुमकूर सोडून पुढे आली, तशा खिडकीतून नारळाच्या बागा आणि गुळगुळीत खडक दिसू लागले. साठ साल अजून उजाडायचं होतं. माझ्या ट्रंकेत दोन शर्ट, आईने विणलेला स्वेटर आणि कॉलेजातल्या आमच्या सरांची चिठ्ठी होती. "ग्लायकोजेन मोजायला शिकून या. बंगळूरच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी हात चांगला आहे असं लिहून दिलं, तर शिकवायची जागा तुमची. नाहीतर नळ्या धुवायला आहातच," सरांनी निघताना बजावलं होतं. चार वर्षं प्रयोगशाळेतल्या नळ्या धुऊन माझ्या बोटांची सालं निघाली होती.

बंगळूरला उतरल्यावर पहिल्यांदा स्वेटरची आठवण झाली. जटक्यात (एका घोड्याच्या गाडीत) बसून गवीपुरात पोहोचलो. प्रयोगशाळेतले प्राणी सांभाळणाऱ्या शिवोजीअण्णांच्या घरी माझी सोय केली होती. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचं मराठी घराणं इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं.

"बसा की. स्वल्प (थोडी) काफी घ्या, मग स्नान," दारातच अण्णा म्हणाले.

त्यांच्या मराठीचं मला हसू यायचं. आठवड्याभरात मीच ऊठसूट 'सरी' (बरं) म्हणू लागलो! ते दिवस अवरेकायचे (पावट्याच्या शेंगांचे) होते. उपम्यात दाणे, आमटीत दाणे, भातात दाणे. तिसऱ्या दिवशी मी काफीही ढवळून पाहिली, तेव्हा अण्णांच्या पत्नी, आमच्या अक्का, पदर तोंडाला लावून हसल्या.

प्रयोगशाळेच्या बाई मात्र हसणाऱ्यातल्या नव्हत्या. काम तसं सोपं होतं. आपण जेवतो त्यातली जादा साखर शरीर ग्लायकोजेन करून ठेवतं, काही यकृतात, काही स्नायूंत. स्नायू आपला साठा स्वतःपुरताच वापरतात. यकृताचं तसं नाही. आपण उपाशी असलो की ते आपली कणगी उघडतं, ग्लायकोजेन मोडून पुन्हा साखर करतं आणि रक्तात सोडतं. उंदीर रात्रभर उपाशी राहिला, तर ही कणगी जवळजवळ रिकामी होते. मारलेल्या उंदराच्या यकृताचा तुकडा तीव्र क्षारात उकळून त्यात अल्कोहोल घातलं, की ग्लायकोजेन असल्यास नळीत पांढरा साका येतो.

बाईंनी माझी परीक्षा ठरवली. तीन उंदीर पोटभर जेवलेले, तीन उपाशी. आदल्या संध्याकाळी उपाशी ठेवायच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून मी अण्णांना सांगितलं, "यांना रात्री काही देऊ नका." त्या दिवशी एकादशी होती आणि अण्णांचाही कडकडीत उपास होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता काम सुरू केलं. शेवटी अल्कोहोल घातलं, तर सहाही नळ्या पांढऱ्या!

"तुम्ही यकृताच्या तुकड्यांची सरमिसळ केलीत," बाई म्हणाल्या. "असा हात असेल तर मी काय लिहून देऊ?"

मला नळ्यांऐवजी पुण्याची मोरी दिसू लागली. इतक्यात दाराशी उभे असलेले अण्णा पुढे आले.

"त्यांची चूक नाही, अम्मा. मी घातलं. उजाडताच, उपाशी उंदरांना गूळभात."

"का?"

"द्वादशीला आमच्या घरी आधी गाईला घास, मग आपलं पारणं. गाय आता राहिली नाही. रात्रभर मी काही दिलं नाही, सांगितलं तसंच केलं. पण उजाडल्यावर माझ्या तोंडात घास कसा जाईल? आणि जाणाऱ्या जिवाला उपाशी कसं पाठवायचं?"

बाईंनी एकेक नळी पुन्हा हलवून पाहिली. मग मला म्हणाल्या, "म्हणजे नळ्या खरं बोलत होत्या. एक दिवस थांबा. दुसरे सहा उंदीर घेऊन पुन्हा करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तर अण्णा पिंजऱ्यापाशी स्टुलावर बसले होते. समोर अक्कांनी दिलेला डबा, न उघडलेला. उंदरांनी पिंजऱ्याच्या गजांतून त्यांच्याकडे नाकं काढली होती. दुपारी तीन नळ्या पांढऱ्या झाल्या आणि तीन स्वच्छ राहिल्या. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. अण्णांनी एक स्वच्छ नळी उजेडात धरली.

"काहीच उरलं नाही की," ते म्हणाले आणि डबा उचलून बाहेर गेले. माझा आनंद जरा ओशाळला.

बाईंनी दोन ओळी लिहून दिल्या. स्टेशनवर पोहोचवायला अण्णा आले होते. गाडी हलता हलता त्यांनी खिडकीतून एक डबा आत दिला. मी घरून भरपेट जेवून निघालो होतो, तरी अरसीकेरे यायच्या आत त्यातला गूळभात संपवला आणि स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले.

जागा मिळाली, पुढे तीस वर्षं शिकवलं. अण्णांना मी पुन्हा भेटलो नाही, याची मला अजून लाज वाटते. दर वर्षी नळीत पांढरा साका आला की मुलं वहीत 'ग्लायकोजेन आढळले' असं लिहायची. मी त्यावर बरोबरची खूण करायचो. मनात मात्र दर वेळी यायचं, याला कुणीतरी उपाशी जाऊ दिलं नाही.