परका हात

सिंगापुरात, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये कमलाबाई लेकाकडे राहायच्या. अर्धांगवायूतून उठल्या, चालू लागल्या, पण आपल्याच डाव्या हाताकडे बोट दाखवून म्हणायच्या, "हा माझा नाही."

लेक सुगत इंजिनिअर. घरात रोज बुद्धवंदना. त्याला वाटलं, आई धम्माचं बोलतेय. "खरंय, काहीच आपलं नसतं," म्हणून तो मान डोलवायचा. मग एके सकाळी तो हात तापल्या तव्याला टेकून राहिला. वास सुटला तेव्हा कुठे कमलाबाईंनी वळून पाहिलं. सुगतनं स्वयंपाकघराला कुलूप घातलं.

हॉस्पिटलातली मानसतज्ज्ञ मेधा पुण्याची. ती म्हणाली, "मावशी, 'मी' म्हणजे कुठून कुठपर्यंत, ते मेंदू ठरवतो. तुमच्या मेंदूनं हा हात वगळलाय. रोज त्याला कुरवाळा आणि म्हणा, हा माझा हात."

"नाही म्हणणार."

"का बरं?"

"रोज पंचशील घेते मी. खोटं कसं बोलू?"

"म्हण ना आई," सुगत वैतागला. "तोंड झिजतं का?"

"तूच म्हण. तुझा असला तर घेऊन जा."

मेधाला हसू आलं. सुगतला नाही. "हात आपला वाटेपर्यंत कुलूप निघणार नाही."

कमलाबाई तडकल्या. "नागपूरला सूतिकागृहात आया होते मी. जन्मभर लोकांची पोरं न्हाऊ घातली. एक तरी माझं होतं? एक तरी हातून पडलं? सांभाळायला आपलंच असावं लागतं, हे कुणी शिकवलं तुला?"

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर थंड तवा घेऊन बसल्या. आधी मान डावीकडे वळवायची, हात शोधायचा, उजव्यानं उचलून तव्यापासून दूर ठेवायचा. मगच पुढचं काम. लक्ष चुकलं की पहिल्यापासून. मान अवघडायची. सून दीक्षा "बसा थोडं" म्हणाली, तर म्हणाल्या, "बाळ पाण्यात असताना आया बसते का?"

महिन्याभरानं त्यांनी सुगतला हाक मारली. "उघड."

त्याच्यादेखत गॅस पेटवला. चहा उकळून, गाळून होईपर्यंत त्यांची नजर घडोघडी डावीकडे जात राहिली. हात ओट्याच्या कोपऱ्यात सुखरूप होता.

सुगतनं आशेनं विचारलं, "आता वाटतो ना आपला?"

"नाही," कमलाबाई म्हणाल्या. "किल्ली दे इकडे."

त्यानं दिली.